'शोध' या शब्दाचे ओझे : माचू पिचूच्या वाटेविषयी

पेरू देशातील कुस्को शहराच्या वायव्येस, उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, लोहमार्गाचा ८२ वा किलोमीटर आहे. तेथून एक पायवाट सुरू होते आणि सुमारे ४३ किलोमीटरांचे डोंगर चढून-उतरून चौथ्या दिवशी सकाळी माचू पिचू या इंकाकालीन नगरापाशी पोचते. जगभरचे भटके तिला 'इंका ट्रेल' म्हणून ओळखतात. या वाटेवर कोणालाही मनास येईल तेव्हा चालता येत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी लागू झालेल्या नियमांनुसार परवानाधारक वाटाड्याशिवाय येथे प्रवेश नाही. रोज ५०० माणसांनाच वाटेवर सोडले जाते आणि दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात, पावसाळ्याच्या ऐन भरात, दुरुस्तीसाठी वाट बंद ठेवली जाते.

या ५०० च्या आकड्याची फोड पाहण्यासारखी आहे. त्यांत प्रवासी असतात सुमारे २००. उरलेले ३०० म्हणजे वाटाडे, आचारी आणि मुख्यतः पाठीवर ओझी वाहणारे हमाल. दोन प्रवाशांमागे तीन कामकरी असे हे प्रमाण पडते. प्रवासवर्णनांत आपल्याला भेटतात ते बहुधा पहिले २००. त्यांची धाप, त्यांचे थकलेले पाय आणि अखेरीस धुके विरून समोर आलेले नगर पाहून त्यांना झालेला आनंद. उरलेल्या ३०० चा उल्लेख आला तर आभाराच्या एका वाक्यात येतो. साहित्याचे शिक्षक म्हणून आमचा या वाटेशी येणारा संबंध मुख्यतः कथनाचा आहे. कोण चालले, कोणी लिहिले आणि कोणाचे चालणे लिहिलेच गेले नाही, हा प्रश्न या वाटेच्या पाचशे-सहाशे वर्षांच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहतो. त्याचाच मागोवा येथे घ्यायचा आहे.

तत्पूर्वी एका मराठी शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'शोध घेणे' आणि 'शोध लावणे' या दोन्ही क्रियांना आपण एकच नाम वापरतो. पहिलीत शोधणारा अजून वाटेवर असतो, दुसरीत तो पोचलेला असतो आणि त्याच्या नावाने नोंद झालेली असते. जुन्या मराठीत या धातूला तिसराही अर्थ होता. ग्रंथ शोधणे म्हणजे त्यात शिरलेले अपपाठ काढून तो शुद्ध करणे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शोधली ती या अर्थाने. माचू पिचूच्या इतिहासलेखनात हे तिन्ही अर्थ क्रमाक्रमाने आलेले दिसतात आणि त्यांतला तिसरा अर्थ अजून पुरता वापरून झालेला नाही, असे आमचे मत आहे.

*

प्रथम वाटेविषयी. इंकांचे राज्य त्यांच्या केचुआ भाषेत 'तावांतिनसुयु', म्हणजे एकत्र बांधलेले चार प्रदेश, या नावाने ओळखले जाई. पंधराव्या शतकात कुस्कोच्या आसपासचे हे छोटे राज्य शंभरेक वर्षांत आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत पसरले. या विस्ताराला एकत्र धरले ते रस्त्यांनी. 'कापाक न्यान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जाळ्याची लांबी ३०,००० किलोमीटरांच्या घरात सांगितली जाते. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला, तेव्हा अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली, कोलंबिया, एक्वादोर आणि पेरू अशा सहा देशांनी मिळून प्रस्ताव मांडला होता.

या रस्त्यांवर चाके धावत नव्हती. इंकांकडे गाडी नव्हती, घोडा नव्हता. माल वाहायचा तो लामांच्या पाठीवरून किंवा माणसांच्या. चाकाची अट नसल्यामुळे रस्ता उभ्या कड्यावर पायऱ्यांनी चढू शकत होता आणि दरीवर गवताच्या दोरांच्या झुलत्या पुलाने ओलांडू शकत होता. असा एक पूल, अपुरीमाक नदीवरचा केस्वाचाका, आजही आसपासच्या गावांचे लोक दर वर्षी जून महिन्यात नव्याने विणतात. ठरावीक अंतरावर 'तांबो' नावाची विश्रांतिस्थाने आणि कोठारे होती. 'चास्की' म्हणून ओळखले जाणारे सरकारी धावपटू टप्प्याटप्प्याने निरोप पोचवीत. त्या निरोपासोबत अनेकदा 'किपू' असे. किपू म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांचा जुडगा. या गाठींमध्ये दशमान पद्धतीने संख्या नोंदलेल्या असत, हे विसाव्या शतकाच्या आरंभी लेलंड लॉक या अभ्यासकाने दाखवून दिले. त्यांत संख्यांपलीकडचे काही, म्हणजे वृत्तान्त किंवा वंशावळी, होते का याविषयी संशोधन चालू आहे. म्हणजे ज्या समाजाला 'लिपी नसलेला' म्हणून मुका ठरवले गेले, त्याच्या नोंदी आपल्याला वाचता येत नाहीत एवढेच खात्रीने म्हणता येते.

रस्ते बांधले कोणी? 'मिता' नावाच्या पद्धतीनुसार प्रत्येक वस्तीतील कुटुंबांनी पाळीपाळीने राज्यासाठी काम करायचे असे. पैशातला कर नव्हता. श्रम हाच कर होता. त्या बदल्यात राज्याने कोठारातून अन्न आणि मक्याची दारू पुरवायची, असा संकेत होता. याला न्यायाचे आदर्श राज्य म्हणून रंगवण्याचा मोह अनेकांना झाला आहे. त्यापासून दूर राहायला हवे. इंका हे जेते होते. जिंकलेल्या प्रदेशांतील वस्त्याच्या वस्त्या उचलून शेकडो कोस दूर वसवणे हे त्यांच्या राज्यकारभाराचे नेहमीचे साधन होते. पुढे स्पॅनिश व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात याच 'मिता' शब्दाखाली पोतोसीच्या चांदीच्या खाणीत सक्तीचे मजूर पाठवायची व्यवस्था उभी केली. शब्द तोच राहिला, पण कोठारातून परत मिळणारे अन्न मात्र गेले. इतिहासात शब्द टिकून राहतात तेव्हा त्यांच्या आतले करार बदललेले असू शकतात, याचे हे एक उदाहरण आहे.

*

आजची चार दिवसांची पदयात्रा या जाळ्यातील एका लहान धाग्यावरून जाते. पहिल्या दिवशी कुसीचाका ओढ्याच्या संगमावरची यक्तापाता येथील शेतीची पायरीबंद वाफे दिसतात. दुसऱ्या दिवशी ४,२१५ मीटर उंचीची खिंड येते. तिचे नाव वार्मी वान्युस्का, म्हणजे 'मेलेली बाई'. खिंडीची रेषा आडव्या पडलेल्या स्त्रीसारखी दिसते, यावरून ते पडले असे सांगतात. तिसऱ्या दिवशी रुंकुराकाय, सायाकमार्का आणि फुयुपातामार्का हे अवशेष लागतात. वाट आता दमट धुक्याच्या अरण्यातून, ऑर्किड आणि शेवाळाच्या मधून जाते. एके ठिकाणी तर खडक कोरून केलेल्या बोगद्यातून. विन्याय वायना येथील वाफे डोंगराच्या कुशीवर चंद्रकोरीसारखे रचलेले आहेत. चौथ्या दिवशी पहाटे 'इंतीपुंकू', म्हणजे सूर्यद्वार, आणि तेथून खाली २,४३० मीटर उंचीवर माचू पिचू. कुस्को शहर ३,४०० मीटरांवर आहे, म्हणजे राजधानीहून हे नगर जवळजवळ एक किलोमीटर खाली वसले आहे. शिखरावरचे गूढ नगर म्हणून ज्याची ख्याती आहे, तेथे माणूस उतरून जातो.

या क्रमात एक नाट्य आहे, हे कोणाही वाचकाच्या लक्षात येईल. चढ, कष्ट, धुके, छोटे अवशेष, मग मोठे, आणि शेवटी दारातून दिसणारे नगर. कथेच्या उत्कर्षबिंदूची ही रचना इतकी नेमकी आहे, की ती इंकांनीच आपल्यासाठी योजून ठेवली असावी असे वाटावे. अभ्यासकांच्या मते ही डोंगरमाथ्यावरची वाट धार्मिक महत्त्वाची असावी, आणि वाटेवरच्या स्थळांची मांडणीही सहज झालेली दिसत नाही. परंतु आज आपण जिला सलग 'इंका ट्रेल' म्हणतो ती विसाव्या शतकात जोडली गेली. तिचा काही भाग १९१५ मध्ये हायरम बिंगहॅम याच्या तिसऱ्या मोहिमेने मोकळा केला. १९४०-४१ मध्ये पॉल फेयोश याच्या मोहिमेने झाडी तोडून आणखी स्थळे उजेडात आणली; विन्याय वायना त्यांतलेच. अनेक स्थळांची आजची नावे या काळात दिली गेली आहेत. 'विन्याय वायना', चिरतरुण, हे तेथे फुलणाऱ्या एका ऑर्किडचे नाव. ही नावे केचुआ भाषेतली असल्यामुळे प्राचीन वाटतात, आणि प्रवासी ती प्राचीन म्हणूनच टिपून घेतो. १९७० नंतर पदयात्री येऊ लागले, आणि शतकाच्या शेवटी त्यांची गर्दी एवढी झाली की वर सांगितलेले निर्बंध आणावे लागले.

स्वतः बिंगहॅम १९११ मध्ये या वाटेने आलाच नव्हता. पदयात्री ज्या दारातून नगर पाहतो त्या दारातून त्याने ते प्रथम पाहिले नाही. तो खालून, नदीकडून आला. आता त्या प्रसंगाकडे वळू.

*

येल विद्यापीठात लॅटिन अमेरिकेचा इतिहास शिकवणारा बिंगहॅम एका विशिष्ट गोष्टीचा शोध घेत होता. १५३२ मध्ये स्पॅनिशांनी काहामार्का येथे अताउआल्पाला पकडले आणि पुढच्या वर्षी ठार मारले. १५३६ मध्ये मांको इंकाने उठाव केला. तो फसल्यावर तो विल्काबांबाच्या डोंगराळ जंगलात निघून गेला. तेथे इंकांचे छोटे राज्य १५७२ पर्यंत तग धरून होते. त्या वर्षी शेवटचा इंका तुपाक अमारू पकडला गेला आणि कुस्कोच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला. ही शेवटची राजधानी कोठे होती, हा बिंगहॅमपुढचा प्रश्न होता.

२४ जुलै १९११ च्या पावसाळी सकाळी तो उरुबांबाच्या काठी मांदोर पांपा येथे होता. खोऱ्यातून जाणारा खेचरांचा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला होता, म्हणून तो तेथवर येऊ शकला. तेथे राहणाऱ्या मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने वर डोंगरावर अवशेष आहेत असे सांगितले आणि एक सोल मजुरीवर वाट दाखवायचे कबूल केले. दुभाषा म्हणून कारास्को नावाचा पोलीस सार्जंट सोबत होता. ओंडक्यांच्या पुलावरून रांगत नदी ओलांडून, घसरड्या चढाने ते वर पोचले, तेव्हा तेथे माणसे राहत होती. रिचार्ते आणि आल्वारेस ही शेतकरी कुटुंबे तिथल्या प्राचीन वाफ्यांवर काही वर्षांपासून पीक काढीत होती. सैन्यभरती आणि कर यांपासून दूर राहणे हे त्यांच्या तेथे राहण्याचे एक कारण होते. त्यांनी पाहुण्याला थंड पाणी आणि उकडलेली रताळी दिली. मग त्यांच्यातल्याच एका मुलाने त्याला अवशेषांमधून फिरवले. बिंगहॅमच्या १९४८ च्या पुस्तकात तो केवळ 'लहान मुलगा' आहे. त्याचे नाव पुढे इतरांनी नोंदवले.

म्हणजे 'हरवलेल्या' नगरात रताळी उकडत होती. येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. रताळे, बटाटा आणि शेंगदाणा ही आपल्या उपवासाच्या ताटातली तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. 'बटाटा' हा शब्दही कॅरिबियन बेटांवरच्या भाषेतून, जेथे तो रताळ्याचा वाचक होता, पोर्तुगीजांच्या तोंडून पश्चिम किनाऱ्यावर आला. अँडीजच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे खपून बटाट्याच्या असंख्य जाती घडवल्या. त्या कामाला कोणी 'शोध' म्हटले नाही, कारण त्याखाली लिहायला एका माणसाचे नाव नव्हते.

नावाचा प्रश्न माचू पिचूच्या भिंतीवरच लिहिलेला होता. तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर 'लिसारागा १९०२' अशी कोळशाने लिहिलेली अक्षरे बिंगहॅमने पाहिली. आगुस्तीन लिसारागा हा याच खोऱ्यातला शेतकरी. नव्या शेतजमिनीच्या शोधात तो नऊ वर्षे आधी येथे आला होता. बिंगहॅमने आपल्या टिपणवहीत लिसारागाचा उल्लेख शोधकर्ता असाच केला. १९२२ च्या 'इंका लँड' या पुस्तकातही लिसारागा आहे. १९४८ च्या 'लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज' या गाजलेल्या पुस्तकातून मात्र तो गळला. भिंतीवरचे नाव साफसफाईत पुसले गेले होते. लिसारागा स्वतः १९१२ मध्ये उरुबांबा नदीत बुडून गेला होता. एकाच प्रसंगाच्या एकाच लेखकाने लिहिलेल्या तीन पाठांमध्ये एक नाव कसे विरळ होत जाते, हे संहितेच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावे.

बिंगहॅमला खलनायक ठरवण्याचा आमचा हेतू नाही. त्याने या स्थळाचे पद्धतशीर मापन केले, हजारो छायाचित्रे घेतली, आणि 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने एप्रिल १९१३ चा संपूर्ण अंक त्याच्या वृत्तान्ताला दिल्यावर हे नगर जगाच्या नकाशावर आले. पाश्चात्त्य विद्वत्तेला ते नगर त्याने दाखवले, एवढे म्हणण्यात काहीच चूक नाही. अडचण येते ती 'पाश्चात्त्य विद्वत्तेला' हे शब्द गाळले जातात तेव्हा.

*

ज्याचा शोध घेतला ते एक आणि ज्याचा शोध लागला ते दुसरेच, अशीही या प्रकरणाची गंमत आहे. माचू पिचू हेच विल्काबांबा, असे बिंगहॅम अखेरपर्यंत मानत राहिला. वास्तविक विल्काबांबा होते आणखी पश्चिमेस, खालच्या उष्ण जंगलात, एस्पिरितू पांपा येथे. तेथे तो स्वतः त्याच १९११ च्या ऑगस्टमध्ये गेला होता. वेलींनी झाकलेल्या काही भिंती त्याने पाहिल्या आणि राजधानीच्या मानाने त्या किरकोळ आहेत असे समजून तो परतला. १९६४ मध्ये जीन सॅव्हॉय याने तेथील अवशेषांचा खरा विस्तार दाखवला आणि १९७० मध्ये जॉन हेमिंग या इतिहासकाराने कागदपत्रांच्या आधारे विल्काबांबा तेच असल्याचे सिद्ध केले.

मग माचू पिचू काय होते? याचे उत्तर कोणत्याही शिखरावर मिळाले नाही. ते मिळाले दप्तरात. १५६८ सालच्या एका जमीनविषयक दस्तऐवजात या खोऱ्यातील जमिनी इंका पाचाकुतीच्या घराण्याच्या असल्याचा उल्लेख सापडला, आणि १९९० मध्ये जॉन रो याने त्यावरून माचू पिचू ही पाचाकुतीची राजेशाही वाडी असल्याचे मांडले. आज हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. २०२१ मध्ये रिचर्ड बर्गर आणि सहकाऱ्यांनी तेथील अस्थींच्या किरणोत्सारी कार्बन-मापनावरून नगरातली वस्ती सुमारे १४२० ते १५३० या काळातली असल्याचे दाखवले. पाचाकुती १४३८ मध्ये सत्तेवर आला, ही इतिवृत्तांवरून रचलेली कालगणना त्यामुळे फेरविचारास आली. दोनातो अमादो गोन्सालेस आणि ब्रायन बॉवर यांनी तर जुन्या नकाशांच्या आणि कागदांच्या आधारे या नगराचे मूळ नाव 'उआयना पिचू' किंवा नुसतेच 'पिचू' असावे, असे प्रतिपादन केले आहे. ज्या नावाने जग त्याला ओळखते ते नावही, या मतानुसार, शेजारच्या डोंगराचे.

एकनाथी अर्थाने 'शोधणे' ते हे. कोणी डोंगर चढून ध्वज रोवला नाही. अपपाठ काढून टाकले.

असाच एक अपपाठ कबरींविषयीचा आहे. १९१२ च्या मोहिमेत बिंगहॅमने प्रत्येक कबरीमागे इनाम लावले, आणि कबरी शोधून देणारे होते तेच आर्तेआगा, रिचार्ते, आल्वारेस. शंभराहून अधिक दफने मिळाली. मोहिमेतील जॉर्ज ईटन याने सांगाडे बहुसंख्य स्त्रियांचे असल्याचे ठरवले आणि त्यावरून 'सूर्यकन्यांचे नगर' ही रम्य कल्पना जन्माला आली. पुढे जॉन वेरानो याने त्याच अस्थी तपासल्या, तेव्हा पुरुषांचे प्रमाणही भरपूर असल्याचे आणि त्यांत मुलेही असल्याचे स्पष्ट झाले. सूर्यकन्या गेल्या, आले ते राजवाड्याच्या दिमतीला असलेले लोक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात या नगरातील ३४ व्यक्तींचे मूळ तपासले गेले. ते साम्राज्याच्या नाना कोपऱ्यांतले निघाले. काही तर अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातले. आपापल्या गावांपासून तुटून राजाच्या सेवेत कायमचे आलेले 'यानाकोना' ते हे असावेत. राजे येथे हंगामापुरते येत, आणि त्यांचे देह कुस्कोत जपले जात. माचू पिचूच्या मातीत राहिले ते पाणी भरणारे, धातू घडवणारे, स्वयंपाक करणारे. आज आपण 'इंकांचे अवशेष' म्हणतो त्यांतले खरे अवशेष या लोकांचे आहेत.

या अस्थी आणि त्यांसोबतची भांडी अमेरिकेत येल विद्यापीठात गेली होती. ती परत मिळावीत म्हणून पेरूने दीर्घकाळ मागणी केली, २००८ मध्ये दावा दाखल केला. २०१० मध्ये करार झाला आणि २०११-१२ मध्ये वस्तू परतल्या. कुस्कोतील कासा कोंचा या जुन्या वाड्यात त्या आता ठेवल्या आहेत.

*

साहित्याने या वाटेकडे कसे पाहिले? १६०९ मध्ये लिस्बनला इंका गार्सिलासो दे ला व्हेगाचे 'कोमेंतारिओस रेआलेस' प्रसिद्ध झाले. स्पॅनिश सरदार आणि इंका राजघराण्यातली स्त्री यांचा हा मुलगा. स्पेनमध्ये बसून, आईच्या नातलगांकडून लहानपणी ऐकलेल्या आठवणींवर त्याने इंकांचे राज्य उभे केले. ते सुव्यवस्थित आणि उदात्त आहे. ते राजघराण्याच्या गच्चीवरून पाहिलेले आहे. याच सुमारास पेरूत राहणाऱ्या फेलिपे उआमान पोमा दे आयाला या वृद्धाने स्पेनच्या राजाला सुमारे १,२०० पृष्ठांचे पत्र लिहिले. स्पॅनिश आणि केचुआ यांच्या मिश्र भाषेत, जवळजवळ ४०० रेखाचित्रांसह. सुमारे १६१५ मध्ये ते पुरे झाले. राजाने ते वाचल्याचा पुरावा नाही. १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडले. उआमान पोमाच्या चित्रांत रस्त्यांचा अधिकारी आहे, पुलांचा अधिकारी आहे, शंख फुंकणारा चास्की आहे. आणि स्पॅनिश अंमलदारांकडून मार खाणारे, ओझ्याखाली वाकलेले लोक आहेत. एका चित्रात लेखक स्वतः आहे. काठी घेऊन, मुलगा, घोडा आणि कुत्री यांच्यासह तो आपले हस्तलिखित पोचवण्यासाठी लिमाच्या वाटेने चालला आहे. इंकांच्या रस्त्यांवरील पदयात्रेचे साहित्य वाचायचे तर आरंभ येथून व्हावा, असे आम्हांस वाटते. हा चालणारा काही पाहायला निघालेला नाही. त्याच्याजवळ दाद मागण्याचे काम आहे.

१९४३ मध्ये पाब्लो नेरुदा माचू पिचूला गेला आणि त्यातून त्याची बारा भागांची दीर्घ कविता निर्माण झाली. पुढे १९५० मध्ये 'कांतो जेनेराल' या ग्रंथात ती समाविष्ट झाली. या कवितेचे वळण महत्त्वाचे आहे. दगडांच्या भव्यतेपाशी ती थांबत नाही. तिच्या उत्तरार्धात कवी ते दगड वाहणाऱ्या, भुकेल्या माणसाविषयी विचारू लागतो आणि अखेरीस त्या मृतांनी आपल्या मुखातून बोलावे असे आवाहन करतो. ईटनच्या सूर्यकन्यांची कल्पना रूढ असताना, अस्थींचा पुनर्विचार होण्याच्या कितीतरी आधी, कवीने योग्य प्रश्न विचारला होता, याची नोंद इतिहासकारांनी घ्यावी. मात्र वाचकाने पुढचाही प्रश्न विचारायला हवा. नेरुदाच्या कवितेत बोलायला मृत येतात. त्याच डोंगरात त्या वेळी केचुआ बोलणारे जिवंत शेतकरी राहत होते.

त्या जिवंत भाषेचा आवाज पेरूच्याच होसे मारिया आर्गेदास या लेखकात आहे. सावत्र आईच्या घरी नोकरांमध्ये वाढलेल्या या गोऱ्या मुलाने केचुआ शिकली ती त्या नोकरांकडून. त्याच्या 'लोस रिओस प्रोफुंदोस' (१९५८) या कादंबरीच्या आरंभी एक मुलगा कुस्कोत इंकांच्या भिंतीपाशी उभा राहतो, आणि ते दगड त्याला हलणारे, जिवंत भासतात. त्या मुलापाशी दगडांशी बोलायची भाषा आहे, आणि ती बोलणारी माणसे त्याच शहरात अपमानित जिणे जगत आहेत हेही त्याला दिसते. पेरूने केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा दिला तो १९७५ मध्ये.

*

आता पुन्हा त्या ३०० जणांकडे. वाटेवरचे हमाल बहुतांशी आसपासच्या उंच गावांतले, केचुआ बोलणारे शेतकरी. शेतीची कामे नसतील तेव्हा ते येथे येतात. तंबू, गॅसच्या टाक्या, स्वयंपाकाची भांडी, जेवणाची टेबले, खुर्च्या हे सारे त्यांच्या पाठीवर असते. प्रवासी सकाळी निघतो, मागून निघालेले हमाल त्याला ओलांडून पुढे जातात, आणि तो दुपारी पोचतो तेव्हा तंबू उभा आणि पाणी गरम असते. काही सहल-कंपन्या त्यांना कौतुकाने 'चास्की' म्हणतात. पण चास्कीला राज्याच्या कोठारातून अन्न मिळे आणि त्याच्या हातात असे तो निरोप. वरवर गौरवाचा वाटणारा हा शब्द मजुरीच्या प्रश्नावर घातलेले पांघरूण ठरू शकतो. 'मिता' या शब्दाचे काय झाले ते आपण वर पाहिलेच.

२००१ मध्ये पेरूच्या संसदेने हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि ओझ्याची कमाल मर्यादा २० किलो ठरवली. त्यापूर्वी याच्या दुप्पट ओझी वाहिली जात. वाटेच्या आरंभी आता काटा असतो. त्यावर ओझे तोलूनच पुढे सोडतात. २०२२ मध्ये आलेल्या नव्या कायद्याने कामगार म्हणून त्यांचे हक्क अधिक स्पष्ट केले, आणि वाढत्या संख्येने या कामात येणाऱ्या स्त्रियांसाठी १५ किलोंची मर्यादा घातली. कायदा कागदावर राहतो, मजुरी पुरती मिळत नाही, झोपायला धड जागा नसते, अशा तक्रारी हमालांच्या संघटना वेळोवेळी करत आल्या आहेत. तरीही या कायद्यांचे ऐतिहासिक मोल आहे. या डोंगरांत ओझे वाहणाऱ्याच्या पाठीला काही मर्यादा आहे, हे राज्याने मान्य करून आकड्यात लिहून ठेवले.

पदयात्रेला जाणाऱ्याने जाऊ नये, असा याचा अर्थ नाही. या वाटेची मिळकत बंद झाली तर गावांचे काय होते, हे २०२० च्या महासाथीत वाट अनेक महिने बंद राहिली तेव्हा दिसले. प्रश्न जाण्याचा नाही. परत येऊन काय सांगायचे याचा आहे. मराठीत आता दूरदेशीची प्रवासवर्णने विपुल लिहिली जातात आणि आपण ती वर्गात शिकवतो. निवेदकाची दृष्टी, निसर्गचित्रण, भाषाशैली अशा ठरलेल्या मुद्द्यांखाली त्यांचे विवेचन होते. त्या यादीत आणखी एक साधा प्रश्न घालावा : या मजकुरात सामान कोण वाहते आहे, आणि त्याला नाव आहे काय? आर्तेआगाला एक सोल मिळाला, लिसारागाचे नाव भिंतीवरून पुसले गेले, त्या मुलाचे नाव दुसऱ्यांनी लिहिले. १५६८ च्या एका कागदाने माचू पिचूचा इतिहास बदलला तो त्यात एक नाव नोंदले होते म्हणून. पुढच्या शतकांत कोणी ही वाट शोधायला घेईल, त्या वेळी त्याला आपल्या काळातल्या ३०० जणांची नावे मिळावीत, एवढी काळजी तरी लिहिणाऱ्याने आजच घ्यायला हवी.